दुसरा कोण?

बोईसरच्या आमच्या भातगिरणीतला जानू मुकादम पाण्याचा माठसुद्धा एकट्यानं उचलायचा नाही. कमरेवर हात ठेवून चहूकडं बघायचा आणि विचारायचा, "दुसरा कोन हाय?"

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. मी गिरणीचं इंजिन चालवायचो. जानूचं मनगट माझ्या पोटरीएवढं, आणि माठाला दुसरा! हसून मुरकुंडी वळायची आमची. पण पोत्याला दोघं, हा त्याचा कायदा. कुणी कमरेतून वाकला की मागून गुरकावायचा, "उकिडवा बस, मग उचल." एकदा शेठ खुर्ची उचलायला वाकले, तर यानं त्यांनाही उकिडवं बसवलं.

शेठना ते झोंबलं असावं. त्यात दिवाळीनंतरचे दिवस, भाताच्या गाड्या दारात खोळंबलेल्या. उद्यापासून पोत्याला एकच माणूस, मुकादमाला जो हात देईल तो घरी जाईल, असं त्यांनी फर्मावलं. जानू तेव्हा घरी गेला होता, म्हणून निरोप माझ्या गळ्यात मारला.

सरावलीला त्याच्या घरी गेलो, तर ओटीवर बाजेवर त्याची बायको पडलेली. कमरेखाली हालचाल नाही. इतकी वर्षं बरोबर काम करून मला ठाऊकच नव्हतं. जानू उकिडवा बसला, तिला छातीशी धरून अलगद उठला आणि अंगणात उतरत्या उन्हात घेऊन आला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "इथं दुसरा नाही लागत?"

तिचं लुगडं पायांवर सारखं करत तो म्हणाला, "वीटभट्टीवर घमेला डोक्यावर चढवाला हिनं हाक मारलेली. मी बिडी ओढत बसलेलो. बोललो, उचल तुझी तूच. हिचा दुसरा मीच होतो, भाऊ."

निरोप द्यावासा वाटेना. तरी दिला. त्यानं नुसती मान हलवली.

सकाळी पहिल्या पोत्याचं टोक धरून तो बसला. "दुसरा कोन हाय?"

शेठ दारातच उभे होते. हमालांनी माना खाली घातल्या. घरी माझीही तीन पोरं होती. मी इंजिनाला तेल घालत राहिलो. तेल मी आल्या आल्याच घातलं होतं.

जानूनं एकदा माझ्याकडं बघितलं, पोत्यावरचा हात काढला आणि सरावलीच्या वाटेला लागला.

त्या दिवशी त्याचा दुसरा मीच होतो.