मेलिनगद्द्याची गोड आंब्यांची बाग

सुब्राय हेगड्यांनी कोवळ्या कैरीचं देठ मोडलं, चीक बोटावर घेऊन हुंगला आणि खात्री करायला पुन्हा हुंगला. चिकाला जिऱ्याचा वास होता.

जिऱ्याच्या वासाची कैरी म्हणजे मेलिनगद्दे गावाचा जीव की प्राण. अंगठ्याएवढी असतानाच ती देठासकट उतरवायची आणि अख्खी मिठात टाकायची, म्हणजे लोणचं तीन पावसाळे कुरकुरीत राहतं. पण तीच झाडावर पिकू दिली, तर आंबा असा आंबटढाण होतो की माकडसुद्धा एक चावा घेऊन शिव्या देत निघून जातं. आणि ही बाग तर शाळेतल्या पोरांनी पोटभर पिके आंबे खावेत म्हणून लावलेली.

शाळेमागची ती जागा खरं म्हणजे नागराजला हवी होती. नागराज हा गावातल्या व्हॉलीबॉलवाल्यांचा पुढारी, वय पस्तीस, पोट सुटलेलं, तरी नेटपाशी उडी मारायची हौस काही जात नव्हती. देवळातल्या बैठकीत त्याच्याशी वाद घालता घालता सुब्राय भरात आले आणि सगळ्यांदेखत बोलून गेले, की पाचव्या वर्षी या बागेतले आंबे पोरांनी खाल्ले नाहीत, तर झाडं मी माझ्या हाताने तोडीन आणि नेटचे खांबही मीच रोवून देईन. स्वतःचं बोलणं नागराज घरी पोचेपर्यंत विसरायचा, पण दुसऱ्याचं मात्र त्याच्या पक्कं ध्यानात राहायचं. आणि हे पाचवं वर्ष होतं.

या पाच वर्षांत गावाने काय कमी खस्ता खाल्ल्या? दर अमावास्येला सुपारीच्या बागेतली कामं बंद ठेवून मंडळी इथे खड्डे खणायला यायची. उन्हाळ्यात बायकांनी ओढ्यावरून घागरी आणून झाडं जगवली. सुब्राय तर रोज सकाळी येऊन प्रत्येक झाडाची विचारपूस करायचे. पोटच्या पोरांची त्यांनी इतकी चौकशी कधी केली नव्हती, असं त्यांची बायको नागवेणी येईल त्याला सांगायची.

सुब्राय दुसऱ्या झाडाकडे गेले. त्याच्या चिकाला कापराचा वास. तिसऱ्याला आंबेहळदीचा, म्हणजे तीही लोणच्याचीच. सगळी बाग हुंगून झाली, पण गोड आंब्याचं एक झाड सापडेल तर शपथ. ते तडक शेजारच्या भागीरथीअक्काकडे गेले.

"अक्का, बागेसाठी तुम्ही लोणच्याच्या आंब्याचं कलम दिलंत?"

"मग? घरातलं सगळ्यात उत्तम कलम द्या, असं तुम्हीच म्हणालात ना देवळात?"

"अहो, पोरांना खायला म्हणून म्हटलं होतं मी."

"गोड आंबा काय, कुणीही देईल," भागीरथीअक्का म्हणाली. "गावाच्या कामात भागीरथीने हात आखडला, असं ऐकून घ्यायचं होतं मी?"

घरोघर हेच उत्तर. ज्या घरांनी आपल्या झाडाची काडी सख्ख्या बहिणीलाही कधी दिली नव्हती, त्यांनी ती गावासाठी काळजावर दगड ठेवून दिली होती. रागवायचं तरी कुणावर? शेवटी सुब्राय घरी आले आणि आपण कुठलं कलम दिलं होतं, असं त्यांनी बायकोला विचारलं. नागवेणीने मागच्या दाराकडे बोट केलं. तिथल्या जिरे-कैरीचं कलम सुब्रायांनी स्वतःच बांधलं होतं आणि छाती फुगवून स्वतःच नेऊन लावलं होतं.

पण खरा घोळ पुढेच होता. तोवर ज्याला त्याला वाटत होतं, की एवढं मोठं मन आपलंच. सुब्रायांनी दारोदार चौकशी केली आणि सगळ्या गावाला कळलं, की ज्या झाडांकडे आपल्या आज्या-पणज्या कुंपणापलीकडून बघत गेल्या, ती सगळी शाळेमागे बिनकुंपणाची उभी आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुब्राय बागेत गेले, तर फांद्या हलक्या झालेल्या. माकडं असतील म्हणून त्यांनी राखण बसवायचं ठरवलं. बायका आपण होऊन म्हणाल्या, आम्ही पाळीपाळीने राखतो, तुम्ही निश्चिंत राहा. सुब्रायांना गहिवरून आलं.

आठवड्याभरात झाडांवर औषधाला कैरी उरली नाही. सुब्रायांच्या स्वयंपाकघरात मात्र दोन नव्या बरण्या उभ्या राहिल्या.

"या कुठल्या कैऱ्या?" त्यांनी विचारलं.

"राखण करताना खाली पडलेल्या," नागवेणी म्हणाली.

"देठासकट?"

"चांगल्या झाडाच्या तशाच पडतात," असं म्हणून ती फोडणीकडे वळली.

आता ओरडून उपयोग नव्हता. आंबट का होईना, आंबा होता, तोही गेला. कुणी जवळ येऊन रिकाम्या फांद्या बघू नयेत म्हणून सुब्रायांनी बागेभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि 'फळं पिकत आहेत, आत येऊ नये' अशी पाटी टांगली. नागराज येता-जाता पाटी वाचायचा आणि हसायचा. एकदा तर त्याने कुऱ्हाडीला धार काढून देऊ का, असंही विचारलं. सुब्रायांचं जेवणावरून मन उडालं. रात्री अंथरुणावर पडून ते म्हणायचे, अगं, पोटच्या पोरांसारखी वाढवली, त्यांच्यावर कुऱ्हाड कशी चालवू? तेव्हा कुठे नागवेणीच्या मनाला लागलं. लोणचं आपण खाल्लं आणि झाडं मरणार, हे तिला सोसेना. तिनेच उपाय काढला.

मे महिन्यात आंब्याचा सोहळा ठरला. त्या दिवशी पहाटे सुब्राय, नागवेणी आणि भागीरथीअक्का शिरसीच्या बाजारातून आणलेली रसपुरी जातीच्या गोड आंब्यांची पोती घेऊन बागेत शिरले. केळीच्या सोपटाचे धागे काढून त्यांनी एकेक आंबा फांद्यांना बांधला. बाजारात तेवढी एकच जात मिळाली होती, त्यामुळे सगळ्या झाडांना सारखेच गोल, पिवळे, गुबगुबीत आंबे लागले. लांबून बाग अशी दिसत होती, की सुब्रायांनाच क्षणभर खरं वाटलं.

ऊन चढल्यावर गाव जमलं. बायकांनी वर पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावले. पोरांनी मात्र कसला विचार केला नाही. ती झाडांवर तुटून पडली. कोपरापर्यंत रस ओघळला, कुणी कोयी एकमेकांना मारल्या, आणि ते बघून सुब्रायांचे डोळे भरून आले. खोटे का असेनात, आंबे पोरांनी पोटभर खाल्ले होते.

तेवढ्यात नागराज पुढे आला. त्याच्या घरूनही बागेला कलम आलं होतं; त्याने त्या झाडाचा आंबा तोडला आणि फांदीवर लोंबणारा धागा हातात धरला. गाठ बघितली. मग पलीकडच्या झाडाची बघितली. आता हा ओरडणार, जमलेल्या गावाला धागा दाखवणार, आणि कुऱ्हाड आपल्याच हातात येणार, हे सुब्रायांना लख्ख दिसत होतं.

नागराजने त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला नेलं. रागाने त्याचे कान लाल झाले होते.

"हेगडेकाका, तुमच्या वयाकडे बघून गप्प बसलोय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आमच्या झाडाच्या कैरीसाठी लांबलांबची माणसं आमच्या आजीच्या पाया पडायची. त्या झाडाला तुम्ही चारचौघांत रसपुरी टांगलीत? ते बघून आई तशीच घरी गेली, आता जेवायला तयार नाही. पुढच्या वर्षी आमचं झाड सोडून बाकी कुठल्याही झाडाला बांधा."

सुब्राय मान खाली घालून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी हलकेच विचारलं, "पुढच्या वर्षी म्हणालास ना?"