खोटारडी टॉर्च

"खरंच?"

एवढा एकच शब्द मला विचारायचा होता. पण त्या एका शब्दावर नियूशा आणि गोलसा या माझ्या दोन मैत्रिणींनी फलाफल सँडविचची पैज लावली होती, कारण इराणमधल्या आमच्या काशानमध्ये आजवर कोणी तो दुकानदाराला विचारलेला नाही. आपण पैसे पुढे केले की दुकानदार म्हणतो, "राहू द्या हो, तुमच्यापुढे काय किंमत!" आपण म्हणायचं, "छे छे, घ्या." तो म्हणणार, "खरंच राहू द्या." आपण, "असं कसं, घ्याच." असं तीनदा झालं की तो पैसे घेतो आणि दोघंही आपापल्या घरी सुखी.

"पहिल्याच वेळी नुसतं 'खरंच?' म्हणून बघ," नियूशा म्हणाली.

"काय होईल?"

"काही नाही. फार तर भूकंप," गोलसा म्हणाली.

मी नववीत आहे, आणि मला कशाचीच भीती वाटत नाही हा शोध मला याच वर्षी लागलाय. त्यामुळे मी हो म्हणाले.

संधी गुरुवारी आली. माझे बाबा, म्हणजे कारागीर म्हणून सगळ्यांचे उस्ता जलील, पाण्याचे कूलर दुरुस्त करतात. उन्हाळा तोंडावर आला की अख्ख्या गावाचे कूलर एकदमच बाबांच्या नावानं गळा काढतात. कूलर असतो गच्चीवर, आणि बाबा असतात कूलरच्या पत्र्याच्या पेटीत, निदान कमरेपर्यंत तरी. भर दुपारीही त्या पेटीत विहिरीसारखा काळोख असतो, म्हणून बाहेरून कोणीतरी टॉर्च धरायला लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. सहा वर्षांची असल्यापासून.

टॉर्च धरणं हे जगातलं सगळ्यांत अपमानाचं काम आहे. "इकडे! इकडे म्हणजे तिकडे नाही! हातावर कशाला मारतेस, हात मी पाहिलाय!" गेल्या वर्षापासून त्यात एक तोंडी परीक्षाही सुरू झाली होती. मध्येच बाबा एखादी वायर वर करून विचारायचे, "ही कोणती?" मी म्हणायची, "निळी." मग ते म्हणायचे, "बरोबर. बघत होतो, तुझं लक्ष आहे का." मी एकदाही नापास झाले नव्हते.

पण यंदा आईनं जाहीर केलं की हे सगळं बंद. नववीनंतर शाखा निवडायची असते. शाळेचा फॉर्म आमच्या फ्रीजवर लावलेला होता आणि शनिवारी तो द्यायचा होता. आईच्या मनात तो केव्हाच भरून झाला होता. विज्ञान, मग डॉक्टर. बाबांनाही पटलं होतं. "टॉर्च धरून कोणी डॉक्टर होत नाही, बाबाची जान," ते म्हणाले. "मी एक छोटी टॉर्च घेतो, बुडाला चुंबक असलेली. पेटीला चिकटवली की झालं. तू खाली बसून अभ्यास कर."

खरं म्हणजे मी नाचायला हवं होतं. पण मला वाटलं, नऊ वर्षांची नोकरी गेली, आणि माझ्या जागी घेतलं कोणाला, तर एका चुंबकाला.

तर गुरुवारी बाबा मला घेऊन हाजी फत्ताहच्या, म्हणजे आमच्या हाजीआगांच्या, विजेच्या दुकानात गेले. माझ्या मैत्रिणी दाराच्या काचेला नाक लावून बाहेर उभ्या राहिल्या.

नवरी बघायला गेलेली सासूसुद्धा बाबांइतक्या चौकशा करत नसेल. टॉर्च बोटाएवढी हवी, दोन्ही हात गुंतले की दातांत धरता आली पाहिजे. मान वळणारी हवी. उजेड पसरट हवा, एकाच ठिपक्यात डोळे दिपवणारा नको. पाण्याला भिणारी नको. बाबांनी पहिली टॉर्च उचलली आणि थेट दातांत धरली.

"उस्ता! उस्ता!" हाजीआगा ओरडले. "ती अजून विकायची आहे मला!" मग त्यांनी प्रत्येक टॉर्चला प्लॅस्टिकची छोटी पिशवी घालून दिली, जशी न्हावी मानेभोवती चादर घालतो तशी.

त्यानंतर आली रंगांची परीक्षा. बाबांनी खिशातून वायरच्या तुकड्यांची जुडी काढली. दुकानात उजेड फार, म्हणून ते फ्रीजच्या एका रिकाम्या खोक्यात शिरले आणि मलाही आत ओढलं. बाहेरून मैत्रिणींना फक्त चार पाय दिसत होते.

"ही काळी," बाबा आतून म्हणाले.

"निळी आहे, बाबा."

"हात्तिच्या. टॉर्च खोटारडी आहे. हाजीआगा, दुसरी!"

दुसरीही खोटारडी निघाली. तिसरी, चौथीही. पाचवीला त्यांनी "अट्टल खोटारडी" म्हटलं. हाजीआगांचा चेहरा पडत चालला होता, जणू त्यांच्याच मुलींना कोणी एकेक करून नाकारत होतं. सातव्या टॉर्चच्या वेळी मी शहाणपणा केला. बाबांनी वायर उचलताच मीच आधी म्हणाले, "निळी!" आणि बाबा म्हणाले, "बघ! ही खरं बोलते!"

सातवी पास झाली. लिपस्टिकएवढी, मान वळणारी, बुडाला चुंबक. बाबांनी पाकीट काढलं. दुकानात तोवर आणखी दोन गिऱ्हाईकं आणि मशिदीतले एक वयस्कर गृहस्थ जमले होते.

"किती झाले, हाजीआगा?"

"राहू द्या हो, उस्ता. तुमच्यापुढे काय किंमत!"

मी काचेकडे पाहिलं. गोलसानं डोळे मिटून घेतले होते.

"खरंच?" मी म्हणाले.

दुकानातला पंखासुद्धा थांबला असावा. बाबांचं पाकीट हवेतच राहिलं. हाजीआगांनी माझ्याकडे पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहिलं, त्या वयस्कर गृहस्थांकडे पाहिलं. ते गृहस्थ तर निकाल ऐकायला पुढे झुकले होते. आता नाही म्हणावं, तर आयुष्यभर सगळ्यांना नुसतंच तोंडदेखलं म्हणत होतो असा अर्थ झाला असता.

"ख... खरंच, बेटा," हाजीआगा म्हणाले.

"नाही नाही, पोर आहे, तिला कळत नाही!" बाबांनी नोटा पुढे केल्या.

"उस्ता, मी बोललो ते बोललो."

"माझ्या गळ्याची शपथ, घ्या!"

"माझ्या मुलाच्या जिवाची शपथ, घेणार नाही!"

झालं. मुलाच्या जिवाची शपथ निघाल्यावर पैसे घ्यायचे तरी कसे? बाबांचे कान डाळिंबासारखे लाल झाले. "मग तुमच्या घरचा कूलर मी बघतो. उद्याच. काही देऊ नका."

"मग दुपारचं जेवण आमच्याकडे," हाजीआगांनी लगेच परतफेड केली. "सगळ्यांनी यायचं!"

बाहेर नियूशा हसून हसून फुटपाथवर बसली होती. बाबा घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढेच चालले, आणि पैजेत जिंकलेलं ते सँडविच मला अजिबात गोड लागलं नाही.

शुक्रवारी आम्ही हाजीआगांच्या घरी गेलो. बाबा नवी टॉर्च घेऊन एकटेच गच्चीवर गेले. मी उठायला लागले तर आईनं हात धरून खाली बसवलं. "तुझी सुटका झालीय. बस."

हाजीआगांच्या बायकोनं, इशरत खानमनं, जमिनीवर सुफरा, म्हणजे जेवणाची चादर, अंथरली. केशराच्या भाताचा डोंगर, कोंबडी, दही, वेगळ्या ताटलीत भाताची सोनेरी खरपुडी. नेमकं हे सगळं कूलरच्या झरोक्याखाली मांडलं, म्हणजे पहिली थंड झुळूक पाहुण्यांना मिळावी. खानमला पाहुण्यांचं फार.

थोड्या वेळानं वरून बाबांचा आवाज आला. "हाजीआगा, नुसता पंप लावा! वारा नको, आधी गवताच्या ताट्या भिजू देत!"

हाजीआगांनी पंपाचं बटण दाबलं.

पंप लागला नाही. पंख्याची मोटर लागली, तीही सगळ्यांत जोरात. झरोक्यातून आधी एक गुरगुर आली आणि मग अख्ख्या हिवाळ्याची धूळ बाहेर पडली. त्यामागून गवताच्या काड्या आणि सगळ्यांत शेवटी चिमणीचं एक घरटं, जे अलगद भाताच्या शिखरावर येऊन बसलं. नशिबानं रिकामं होतं.

"वारा येतोय का?" वरून बाबांनी विचारलं.

"येतोय!" आई म्हणाली. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

हाजीआगांनी बटण बंद केलं. त्यांची पांढरी दाढी आता तपकिरी होती. "काही नाही हो, काही नाही," ते खोकत म्हणाले. "धुळीत बरकत असते."

"आणि भातावर जिरं घालायचं राहिलंच होतं," इशरत खानम म्हणाल्या आणि भातातली एक काडी काढून शांतपणे बाजूला ठेवली.

मी वर पळाले. बाबा मुख्य बटण बंद करून पेटीसमोर उकिडवे बसले होते. "ही पण खोटारडी निघाली," ते टॉर्चकडे बघून म्हणाले. "सातही तसल्याच."

मी पेटीत डोकं घातलं. टॉर्च पत्र्याला चिकटून दुधासारखा स्वच्छ उजेड देत होती. काळी वायर काळीकुट्ट होती, निळी माझ्या गणवेशासारखी निळी. पंपाच्या जागी मोटरची काळी होती आणि मोटरच्या जागी पंपाची निळी. शेंबड्या पोराला कळावं इतकं उघड.

मी निळी वायर वर केली. "बाबा, ही कोणती?"

"काळी."

"आणि ही?"

बाबा बराच वेळ बघत राहिले. डोळे बारीक केले, मान तिरकी केली. मग हसल्यासारखं करून म्हणाले, "तू सांग ना. बघतोय, तुझं लक्ष आहे का."

म्हणजे वर्षभर परीक्षा माझी नव्हतीच. मी पास होत होते, म्हणून काशानमधले कूलर चालत होते. टॉर्च सगळ्या खऱ्या होत्या. बाबांनी सात-सात टॉर्चना खोटं ठरवलं, पण कोण जाणे कधीपासून आपल्यालाच नीट दिसत नाही, ही एक गोष्ट ते स्वतःशीसुद्धा बोलले नाहीत. आणि तरीही मला अभ्यासाला खाली धाडलं होतं.

"लक्ष आहे, बाबा," मी म्हणाले. मग टॉर्च पत्र्यावरून खेचून काढली आणि त्यांच्या हातात दिली. "धरा."

"मी?"

"तुम्ही. पेचकस कुठाय?"

बाबांनी टॉर्च धरली. इतकी वाईट टॉर्च मी आयुष्यात कोणाला धरताना पाहिलेली नाही.

"इकडे, बाबा! इकडे म्हणजे तिकडे नाही! हातावर कशाला मारताय, हात मी पाहिलाय!"

पत्र्याच्या पेटीत बाबांचं हसू घुमायला लागलं. ते थांबेचना. टॉर्च इतकी हलायला लागली की शेवटी मी ती दातांत धरली आणि दोन्ही वायरी जागच्या जागी बसवल्या.

पंप लागला. ताट्या भिजल्या, ओल्या गवताचा वास घेऊन वारा खाली आला. झाडलोट झाली, नवा भात शिजला. इशरत खानमनं टॉर्च हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "किती गोड आहे हो!"

"तुमचीच आहे, घ्या," बाबा सवयीनं म्हणाले.

खानमनं माझ्याकडे पाहून एक भुवई उचलली. "खरंच?"

बाबांचा घास हातातच राहिला. हाजीआगा पोट धरून मागच्या तक्क्यावर कलंडले. "कालपासून घरात हेच चाललंय, उस्ता! सकाळी म्हणालो, चहा मी करतो. तर म्हणे, खरंच? करावा लागला!"

"आता ही माझी," खानम म्हणाल्या. "आणि माझी वस्तू मी वाटेल त्याला देईन." त्यांनी टॉर्च माझ्या मुठीत ठेवली. मग बाबांकडे वळून आवाज उतरवला. "उस्ता, गेल्या वर्षी मी ह्यांना घरातले सगळे दिवे तीनदा बदलायला लावले. हा मळका, तो पिवळा. शेवटी डॉक्टर म्हणाला, खानम, दिव्यांना का छळताय? मोतीबिंदू आहे. अर्ध्या तासात काढला. बाहेर आले तर हे केवढे म्हातारे दिसले मला!"

आईनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, नखांत गेलेल्या कूलरच्या काळ्या वंगणाकडे.

संध्याकाळी घरी आल्यावर मी फ्रीजवरचा फॉर्म काढला, पेनानं भरला आणि पुन्हा फ्रीजवर लावला. यावेळी टॉर्चच्या चुंबकानं. आई-बाबा चहा घेत बसले होते.

"मी तंत्रशाळेत जाणार," मी म्हणाले. "वीज शाखा. आणि रविवारी बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार, माझ्यासोबत."

आईनं साखरेचा खडा दातांत धरला होता, तो तसाच राहिला. "मला घरात डॉक्टर हवा होता," ती हळूच म्हणाली. पण उठून फॉर्मवरचं माझं अक्षर बघायला गेली, आणि टॉर्च जराशी सरळ करून परत आली.

"नको, बाबाची जान," बाबा म्हणाले. "उन्हातान्हात गच्चीवर कशाला?"

"जाणार."

"माझ्यासाठी म्हणत असशील तर राहू दे."

"जाणारच."

"अगं, खरंच राहू दे. मला काय, मी दुसरी टॉर्च घेईन."

"जाणार म्हणजे जाणार. आणि आता तीनदा झालं, बाबा," मी म्हणाले. "आता तुम्हाला घ्यावंच लागेल."