माझ्या खांद्याचं ध्येय

मागच्या फेब्रुवारीत मी लॅपटॉपवरचं एक हिरवं बटण दाबायचं टाळलं. दाबलं असतं, तर जूनमधल्या त्या रविवारी पांढरी पँट घालून, हातात लाल चेंडू घेऊन भर मैदानात उभं राहायची वेळ माझ्यावर आली नसती.

त्याचं झालं असं. लंडनमधल्या आमच्या स्टॅनमोर स्टेशनच्या पार्किंगमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या बसल्या, मागच्या सीटवरची बॅग ओढायला मी उजवा हात मागे नेला. हात गेला. परतही आला, पण पूर्वीचा आला नाही. महिन्याभरात तो खांद्याच्या वर जायचाच बंद झाला. कोट घालायला नीनाची मदत लागायला लागली (नीना म्हणजे माझी बायको, कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करते, त्यामुळे तक्रारी ऐकून घेऊन त्यावर काहीही न करण्याचं तिचं ट्रेनिंग झालेलं आहे). टी-शर्ट काढताना मी रोज त्यात अडकायचो आणि आतूनच हाका मारायचो.

जीपी, म्हणजे आमची इथली फॅमिली डॉक्टर, म्हणाली, "फ्रोझन शोल्डर. दोनेक वर्षांत आपोआप बरा होतो." तिनं माझं नाव फिजिओथेरपीच्या वेटिंग लिस्टवर घातलं आणि माझ्याकडे अशा प्रेमानं पाहिलं, की दोन वर्षं म्हणजे फार नव्हेत असं मला दार उघडेपर्यंत वाटत राहिलं. दार डाव्या हातानं उघडावं लागलं.

मग मी ऑफिसच्या प्रायव्हेट इन्शुरन्सकडे वळलो. त्यांच्या नेटवर्कमधला फिजिओ व्हिडिओ कॉलवर आला. बिचारा अत्यंत हसतमुख होता.

"खांदा दाखवा."

मी लॅपटॉप वाकवला.

"आता मला तुमचा कान दिसतोय."

मी आणखी वाकवला.

"आता पंखा."

अकराव्या मिनिटाला त्यानं निदान केलं आणि एक पीडीएफ पाठवली. तिच्यात चेहरा नसलेली एक टकली आकृती बोटांनी भिंत चढत होती. खाली ते हिरवं बटण: ‘मला या उपचारानं समाधान आहे, पुढे चला.’ मी त्या टकल्या आकृतीकडे बघितलं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत टॅक्स, फी आणि हप्ते भरून मी शेवटी हा झालो होतो. चेहरा नसलेला! मी लॅपटॉप मिटला आणि ठरवलं, की आता नेटवर्कबाहेर जायचं, स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे आणि पर्सनलाइज्ड उपचार घ्यायचे.

नीनाला एवढं सगळं सांगायचं धाडस मला झालं नाही.

"कुठे आहे क्लिनिक?" तिनं विचारलं.

"हॅरोच्या पुढे. टेकडीवर."

"नेटवर्कमध्ये आहे ना?"

"फुल्ल. चार दांड्या येतात."

ती फोनवर होती, म्हणून निभावलं.

क्लिनिकमध्ये गेल्या गेल्या मला काकडीच्या चकत्या घातलेलं पाणी मिळालं (कुणीतरी कोशिंबीर करायला घेऊन मध्येच सोडून दिल्यासारखं). मग हेदर आली. पन्नाशीची, उंच, शांत. तिनं मला बसवलं, वही उघडली आणि म्हणाली, "मला तुमच्याबद्दल सांगा."

आता तुम्हीच सांगा, हे वाक्य तुम्हाला शेवटचं कुणी म्हटलं होतं? मला तर इंटरव्ह्यूशिवाय कधीच कुणी म्हटलं नव्हतं. मी बोलत सुटलो. ती लिहीत राहिली. मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. अर्ध्या तासानं तिनं विचारलं, "तुमचं ध्येय काय?"

"खांदा बरा व्हावा."

"ते माझं ध्येय झालं. तुम्हाला या हातानं काय करायचंय?"

खरं उत्तर जिभेवर होतं: मला पाठ खाजवायची होती. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायचा होता. पण एका वेळचे एकशे दहा पौंड देऊन पाठ खाजवायची म्हणजे फारच झालं! त्या किमतीला शोभेल असं काहीतरी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "फास्ट बोलिंग."

हेदरनं क्षणभर पेन थांबवलं. "परत सुरू करायचीय?"

"हो," मी म्हणालो. "परत."

(माझी क्रिकेटमधली कारकीर्द सांगतो. सातवी ‘क’च्या संघात मी बारावा होतो. माझ्याकडे सगळ्यांच्या चपला सांभाळायचं काम होतं. एकदा एक चप्पल हरवली आणि मला संघातून काढलं.)

झालं! दुसऱ्या दिवशी माझा पर्सनलाइज्ड प्रोग्रॅम आला. रबरी पट्टा ओढणे, झाडूची काठी डोक्यावर नेणे, टॉवेल फिरवणे, आणि शेवटी चौदा पावलांचा रन-अप. मी सकाळी ऑफिसआधी आणि संध्याकाळी चहानंतर बागेत पळू लागलो. चौदा वर्षांची आमची अक्षरा हेदरसाठी व्हिडिओ काढायची. तिचा जन्म इथलाच, त्यामुळे मराठी व्याकरणाशी तिचे संबंध थोडे ताणलेले आहेत.

"बाबा, तुझा हात आज छान वर गेली!"

"गेला."

"कोण गेला?"

"हात."

"कुठे?"

नीनाला मी सांगितलं, की हल्ली खांद्याच्या व्यायामात पळायलाही लावतात. ती म्हणाली, पोटाच्या दृष्टीनं बरंच आहे.

आणि खरंच, हात सुटायला लागला. एप्रिलमध्ये कानापर्यंत आला, मे महिन्यात कानाच्या मागे. त्याबरोबर माझी जीभही सुटली. हेदर एकदा सहज म्हणाली, "तुमचा सर्वांत चांगला सामना कुठला?" मी तिला इंटर-कॉलेजची फायनल सांगितली. पाच विकेट. पुढच्या वेळी त्या सहा झाल्या. सातवी विकेट मी मोठ्या कष्टानं आवरली. सगळ्यात वाईट म्हणजे मला ती फायनल आठवायला लागली होती. उन्हाची दिशासुद्धा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कणीक मळत असताना माझा फोन वाजला. नीनानं घेतला. थोडा वेळ ऐकलं, "सॉरी, राँग नंबर," म्हणाली आणि ठेवला.

"कोण होतं?"

"कुणीतरी हेदर. तिच्या नवऱ्याच्या क्लबात रविवारी मॅचला एक माणूस कमी आहे. फास्ट बोलर सूशरटला बोलवत होती."

मी कणकेत बघत राहिलो.

"सुश्रुत?"

"सूशरट म्हणजे मीच," मी म्हणालो.

नीना खुर्ची ओढून बसली. मग पाच मिनिटांत तिनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं: क्लिनिक, काकडी, एकशे दहा पौंड, सहा विकेट. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण ती अगदी हळू म्हणाली, "एवढे पैसे मोजून तू एका बाईला थापा मारायला जातोस? घरी तर फुकट मारतोस."

"ती ऐकते, नीना."

हे मी विनोदानं म्हटलं नव्हतं, आणि ते तिला कळलं.

"मीही ऐकलं असतं," ती म्हणाली. "पण मला तुझ्या आईंनी चपलांचं सांगितलंय. आता काय करू?" मग ती उठली. "फोन कर आणि खरं सांग."

"मॅच झाल्यावर सांगतो."

"आधी का नाही?"

"त्यांचे अकरा होत नाहीयेत गं."

नीनानं माझ्याकडे बघितलं. "आम्ही दोघी येतोय," ती म्हणाली. "हे चुकवणार नाही मी."

रविवारी ऊन पडलं (इथे नको तेव्हा पडतंच). कपडे बदलायच्या खोलीत एक चाळिशीचे गृहस्थ गुडघा चोळत बसले होते. माझा चेहरा बघून ते मराठीतच म्हणाले, "मी अतुल. स्लाऊहून आलोय. तुमचं काय?"

"खांदा. हेदर."

"गुडघा. हेदर." त्यांनी आवाज उतरवला. "तिला काय सांगितलंत?"

"फास्ट बोलर."

अतुलरावांनी डोळे मिटले. "मीपण."

"अहो, पण तुमचा तर गुडघा—"

"रन-अपसाठी!"

त्यांनी फोनवर स्वतःचा पर्सनलाइज्ड प्रोग्रॅम दाखवला. तीच झाडूची काठी. तीच चौदा पावलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये चौथ्या व्यायामाखाली ‘नायजेलला सैल ठेवा’ असं एक वाक्य होतं. नायजेल हा खांद्यातला एखादा स्नायू असावा असं समजून मी तीन महिने तो सैल ठेवत होतो. तेवढ्यात दारातून एक रिटायर्ड पोस्टमन लंगडत आत आले. "हॅलो," ते म्हणाले. "मी नायजेल. हिप."

आम्ही मोजलं. संघातले सात जण हेदरचे पेशंट होते.

समोर रिटायर्ड शिक्षकांचा संघ होता. हेदरचा नवरा डंकन आमचा कॅप्टन. टॉस हरून तो उत्साहात आला. "चला, बोलिंग कोण सुरू करणार? फास्ट बोलर भरपूर आहेत आपल्याकडे!"

सात फास्ट बोलर गवताकडे बघू लागले. नायजेल तर बुटाची नाडीच बांधायला बसले.

"सूश?" डंकननं चेंडू माझ्याकडे टाकला. मी तो झेलला नाही, उचलला.

चौदा पावलं मागे गेलो. सीमारेषेजवळ नीना आणि अक्षरा चटई टाकून बसल्या होत्या. मी पळत सुटलो. बारा, तेरा, चौदा... आणि हात वर गेला. कानाला घासून, डोक्यावरून, पूर्ण गोल. कुठेही काही दुखलं नाही! कित्येक महिन्यांत पहिल्यांदा! त्या आनंदात मी हात तसाच आभाळाकडे ठेवून उभा राहिलो. चेंडू कधी सुटला ते माझ्या लक्षातच आलं नाही. तो सरळ वर गेला होता आणि यथावकाश माझ्याच मागे पडला.

अंपायरनं आधी वाइड दाखवला. मग नो-बॉल. मग दोन्ही हात खाली सोडून तो नुसताच माझ्याकडे बघत राहिला.

"बाबा! हात पूर्ण गेली!" अक्षरा ओरडली. मी तिचं व्याकरण दुरुस्त केलं नाही.

त्या ओव्हरमध्ये एकतीस रन गेल्या. पैकी चोवीस भूगोलाच्या एका एकाहत्तर वर्षांच्या शिक्षकांनी काढल्या.

चहाच्या वेळी मी हेदरला गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं. फायनल नाही, विकेट नाहीत, फक्त चपला.

ती अजिबात दचकली नाही. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बोलिंग केलेला खांदा वेगळाच लागतो हाताला. तुमचा खांदा..." ती सभ्य शब्द शोधत राहिली, "अगदी जपून ठेवलेला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"जे पेशंट पाठ खाजवायचीय म्हणतात, ते दोन दिवस व्यायाम करतात. फास्ट बोलर रोज दोनदा करतात."

"आणि डंकनचे अकरा होतात," मी म्हणालो.

हेदरनं हॅट सरळ केली आणि मला सँडविच देऊ केलं.

गाडीत नीना इतकी हसत होती, की तिला दोनदा डोळे पुसावे लागले. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "पण धावताना बरा दिसत होतास हं." ते वाक्य मी स्टॅनमोर येईपर्यंत मनात फिरवत बसलो. खांद्याचं मला काही वाटेनासं झालं.

पुढच्या आठवड्यात हेदरचं डिस्चार्ज लेटर आलं. जीपीला पाठवलेलं, मला प्रत. माझ्याआधी नीनानं वाचलं होतं आणि टेबलावर उघडंच ठेवलं होतं. मी मोठ्या अपेक्षेनं उचललं. या सुस्वभावी गृहस्थांनी अत्यंत मनापासून व्यायाम केला. उजव्या खांद्याची हालचाल शंभर टक्के पूर्ववत झाली आहे. वेदना शून्य. सर्व दैनंदिन कामं करण्यास हरकत नाही.

आणि शेवटची ओळ: ‘रुग्णानं यापुढे क्रिकेट खेळू नये असा सल्ला देण्यात येत आहे. कारण वैद्यकीय नाही.’