धूरपेटीच्या दाराची मूठ

मूठ हरवली हे ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी सकाळी मास्तरांनी छाती पुढे काढून जाहीर केलं होतं, "आक्का, आज संध्याकाळपर्यंत इंजिन पूर्ण! नाही झालं तर नाव बदलेन!"

असली वाक्यं माणसानं मनातल्या मनात बोलावीत. पण मास्तर मोठ्यानं बोलले, आणि तेही आक्कांसमोर!

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. उभा जन्म लोकांचे कोट शिवण्यात गेला. दुकान बंद केलं त्या दिवशी बायकोनं त्यांच्यापुढे एक चपटा खोका आणून ठेवला. आत पितळेचे पातळ पत्रे होते. त्या पत्र्यांवर वाफेच्या इंजिनाचा एकेक भाग कोरून काढलेला आणि बारीक दांड्यांनी चौकटीला धरून ठेवलेला. भाग कापून सुटा करायचा, आखलेल्या रेघेवर दुमडायचा आणि डाख देऊन जोडायचा. शेवटी वीतभर लांबीचं झकास इंजिन तयार!

"कापड झालं. आता पितळ शिवा," बायको म्हणाली.

"कापायचं, दुमडायचं, जोडायचं! जन्मभर दुसरं काय केलं मी?" मास्तर म्हणाले.

दोघांनी मिळून अर्धं इंजिन केलं. मग ती आजारी पडली आणि गेली. अर्धं इंजिन जेवणाच्या टेबलावर राहिलं.

आणि मग आक्का आल्या. आक्का ही बायकोची थोरली बहीण. एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. त्यांनी डोळे वटारले की सलाईनचे थेंबसुद्धा घाबरून रांगेत पडत, असं म्हणतात. धाकटी बहीण गेल्यावर त्या मेहुण्याकडे बघायला चार दिवसांसाठी आल्या. आल्या त्या राहिल्याच. मास्तरांनी 'कधी जाणार' असं विचारलं नाही. एक तर धीर नव्हता, आणि दुसरं म्हणजे रिकाम्या घरात त्यांनाही राहवत नव्हतं.

पहिल्याच दिवशी आक्कांनी टेबलाकडे बघितलं आणि हुकूम सोडला.

"मास्तर, आपण इथे जेवतो! ह्या टेबलावर पितळेचा एक कण सुटा दिसता कामा नये. कुणाच्या पोटात गेला ना, तर त्याच क्षणी हे सगळं भंगारात!"

"जाणार नाही, आक्का."

"मी माझ्या नोकरीत लोकांच्या पोटातून काय काय निघालेलं बघितलंय. तुम्ही मला सांगू नका!"

मास्तरांनी मान डोलावली. त्या इंजिनाच्या निम्म्या भागाला बायकोचा हात लागला होता. तेवढं सोडलं तर तिच्या हातचं घरात आता फारसं काही उरलं नव्हतं. भंगार हा शब्द ऐकला की मास्तर इंजिन हातानं झाकून घ्यायचे.

तर त्या दिवशी शेवटचा तुकडा उरला होता. इंजिनाच्या तोंडावर एक गोल दार असतं, धूरपेटीचं. त्या दाराच्या मधोमध एक मूठ. घड्याळाच्या दोन काट्यांसारखी दिसते, जिऱ्यापेक्षा थोडी मोठी, आणि दोन्ही टोकांना सुईसारखी! मास्तरांनी ती पत्र्यातून कापली, कानस फिरवली, आणि इतक्यात स्वयंपाकघरातून तोफ झाली.

"मास्तर! सूप गार होतंय!"

आक्कांची हाक म्हणजे हाक नसते, समन्स असतं. मास्तर उठले. वाडगं उचललं, उभ्या उभ्याच घटाघटा संपवलं आणि पळत परत खुर्चीवर आले. आक्का आपलं वाडगं घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या.

मास्तरांनी मूठ घ्यायला हात पुढे केला. मूठ नाही!

भिंगाखाली नाही. चिमट्यात नाही. मांडीवर नाही. मास्तर टेबलावर नाक टेकवून मुंगीसारखे फिरू लागले. आता, हे पितळेचे तुकडे भारी द्वाड. जरा बोट चुकीचं पडलं की टिणकन उडतात ते कुठेही! मास्तर हा विचार करतायत तोच टेबलाच्या त्या टोकाकडून आवाज आला,

"टिंग!"

आक्कांचा चमचा वाडग्याला लागला होता. पाठोपाठ आक्का खोकल्या. छातीवर दोनदा हात मारला आणि म्हणाल्या, "मिरी लागली वाटतं घशाला."

आणि उरलेलं सूप त्यांनी तळापर्यंत पिऊन टाकलं!

मास्तरांना सगळं कळून चुकलं. मूठ उडाली होती. ती सुपात पडली होती. आणि आता ती दोन्ही टोकं परजून आक्कांच्या पोटात उतरत होती! सांगावं, तर इंजिन जाणार. न सांगावं, तर मेहुणी जाणार!

"काय झालं? तोंड का असं?" आक्कांनी विचारलं.

"आक्का," मास्तरांच्या तोंडून कसेबसे शब्द निघाले, "तुम्हाला... बरं वाटतंय ना?"

आक्कांनी चमचा खाली ठेवला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दुपारपर्यंत मास्तरांनी सगळं घर उपसलं. न जाणो, मूठ जमिनीवर असली तर! शिवणाच्या पेटीतला लोहचुंबक दोऱ्याला बांधून ते पलंगाखाली, कपाटाखाली, गालिच्यावरून फिरवू लागले. सुया निघाल्या, टाचण्या निघाल्या, आक्कांचे केसातले आकडे निघाले. मूठ नाही! म्हणजे ती आतच. मास्तरांनी हॉलमध्ये डोकावलं. आक्का आरामखुर्चीत डोळे मिटून पडल्या होत्या. मास्तर चवड्यांवर चालत गेले, श्वास रोखला आणि लोहचुंबक हळूच आक्कांच्या पोटावर सोडला.

खट्ट! चिकटला!

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दोरा ओढला. सुटेना! जोरात ओढला, तसा आक्कांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वर उचलला गेला, आणि आक्कांनी डोळे उघडले.

"मास्तर!! हे काय चाललंय?"

"काही नाही, आक्का! पोट... म्हणजे आजकाल... लोहचुंबकाने पोटाला आराम पडतो म्हणे!"

"मला काय झालंय पोटाला?"

"काही नाही! अजिबात काही नाही! तुम्ही मुळीच काळजी करू नका!"

काही नाही असं कुणी तीनदा सांगितलं की माणूस काळजी करायला लागतो. आक्का उठून बसल्या आणि स्वतःचं पोट चाचपू लागल्या.

मास्तरांनी कोपऱ्यात जाऊन मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात कारखान्यात इंजिनियर होती.

"बाबा, पहिली गोष्ट, पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही."

"काय सांगतेस!"

"दुसरी गोष्ट, मावशीला आत्ताच्या आत्ता सांग."

"तुला काय जातंय सांग म्हणायला! ती तुझ्या आईचं इंजिन भंगारात देईल!"



"मग केळी खायला घाल," मुलगी शेवटी म्हणाली. "केळ्यात गुंडाळून जाईल बाहेर. पण दुखायला लागलं तर लगेच डॉक्टर. कळलं?"

मास्तर बाजारात गेले आणि डझनावारी केळी घेऊन आले. नाश्त्याला केळी. जेवणानंतर केळी. आक्का नको म्हणाल्या की मास्तर समोर बसून स्वतः एक खात आणि म्हणत, "माझ्यासाठी घ्या, आक्का. एकच!" आवाज असा की जणू शेवटची इच्छा विचारतायत. सकाळी आक्का बाथरूममध्ये गेल्या की मास्तर दाराबाहेर येरझारा घालत.

"आक्का, सगळं व्यवस्थित?"

आतून नळ जोरात सोडल्याचा आवाज येई.

आक्का जिन्यावरून उतरताना मास्तर पुढे चालत, म्हणजे पडल्या तर अंगावर पडतील. आक्का खोकल्या की मास्तरांचा पेला हातातून सुटे. आणि आक्का, ज्यांनी सबंध वॉर्ड एका नजरेनं गप्प केले होते, त्या गप्प गप्प झाल्या. ओरडेनात. हुकूम सोडेनात. मास्तरांचं धाबं दणाणलं. मूठ लागली असणार! आत कुठेतरी रुतली असणार!

मग आणखीनच विपरीत सुरू झालं. आक्कांनी आपली ठेवणीतली शाल शेजारणीला देऊन टाकली. बाल्कनीतल्या कुंड्या खालच्या रखवालदाराला दिल्या. आणि एका सकाळी मास्तरांना कपडे धुण्याच्या मशीनसमोर उभं केलं.

"हे बटण सुती कपड्यांना. हे लोकरीला. नीट बघून ठेवा. पुढे सांगायला कोण असणार आहे?"

"म्हणजे? तुम्ही कुठे चाललात?"

आक्कांनी पाठ वळवली. मशीनवर नसलेली धूळ पुसत म्हणाल्या, "मास्तर, मी मूर्ख नाही. तिच्या वेळीही तुम्ही असेच वागत होता. दिवसातून दहादा बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना! डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्यापासून लपवलंत. आता माझ्यापासून लपवताय. काय कळलंय तुम्हाला माझ्या तपासण्यांचं? किती दिवस आहेत माझे?"

मास्तर मशीनला टेकले. महिन्यापूर्वी आक्कांनी कसल्याशा तपासण्या केल्या होत्या खऱ्या, आणि निकाल आणायला मास्तरच गेले होते. निकाल उत्तम होता. पण आता ते कोण ऐकणार! मूठ म्हणून सांगावं तर इंजिन जातं. गप्प बसावं तर ही बाई भीतीनंच जायची. आणि यात तिची चूक काहीच नाही! मास्तरांनी तोंड उघडलं. मूठ हा शब्द जिभेपर्यंत आला. आणि बाहेर आलं ते भलतंच,

"आपण पोटाचा एक्स-रे काढू या, आक्का."

"बघा!" आक्का म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर दोघं शेजारी शेजारी बसले. आक्कांनी मास्तरांचा हात धरला. इतका घट्ट की मास्तरांची बोटं पांढरी पडली. "मला सगळं माहीत आहे यातलं," त्या पुटपुटल्या. "लोकांना मी सांगायची, घाबरायचं नाही. सोपं असतं हो सांगायला."

मास्तर दाराकडे बघत राहिले. ह्याच बाकासारख्या एका बाकावर ते यापूर्वी बसले होते, आणि त्या दिवशी दार उघडून जो डॉक्टर बाहेर आला होता त्याचे जोडे त्यांना अजून आठवत होते.

दार उघडलं. डॉक्टर हसत बाहेर आला. "पोट एकदम स्वच्छ! काळजीचं काही नाही."

"स्वच्छ?" मास्तर ओरडले. "काहीच नाही? बारीकसं, टोकदार, पितळेचं सुद्धा?"

"काही नाही."

"मग ती गेली कुठे?"

"कोण गेली?" आक्का म्हणाल्या.

मास्तरांना दरदरून घाम फुटला. डोळ्यांपुढे अंधारी आली. पोट धरून ते बाकावर आडवे झाले. "अरे, धरा यांना! पोट दुखतंय का? आत घ्या, यांचाही काढू!" डॉक्टरनं त्यांना उचलूनच मशीनवर घातलं.

थोड्या वेळानं डॉक्टर परत बाहेर आला. ह्या वेळी हसत नव्हता. फिल्म दिव्यासमोर धरून म्हणाला, "काका, तुम्ही घड्याळ गिळलंत का?"

फिल्मच्या मधोमध, पांढरेशुभ्र, दोन काटे!

आक्का उठल्या. चष्मा लावला. फिल्म बघितली, मास्तरांकडे बघितलं. वॉर्डातला तो जुना आवाज परत आला. "मास्तर. हे काय आहे?"

"मूठ," मास्तर म्हणाले. "धूरपेटीच्या दाराची."

मग सगळंच बाहेर पडलं. सूप, टिंग, लोहचुंबक, केळी.

"पण तुमच्या पोटात गेली कशी?" डॉक्टरनं विचारलं.

मास्तरांना आता आठवलं. इंजिन करताना पुढचा तुकडा नेहमी बायकोच्या बोटाच्या टोकावर तयार असायचा. यांनी नुसता हात पुढे करायचा. ती गेल्यावर ते बोट उरलं नाही. टेबलावर सुटा तुकडा ठेवायची बंदी. म्हणून ते शिंप्याच्या सवयीनं, टाचणी धरावी तसा, पुढचा तुकडा ओठांत धरू लागले होते. त्या दिवशी हाक आली, आणि मुठीसकट सूप पिऊन टाकलं.

त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आक्कांनी चष्मा काढला.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही, आक्का."

"कसलंच काही नाही?"

"तुमच्या तपासण्या माझ्यापेक्षा चांगल्या आल्यात."

"आणि माझी शाल गेली!!" आक्का अशा ओरडल्या की बाहेर बसलेले सगळे पेशंट उभे राहिले. "कुंड्या गेल्या! दोन रात्री डोळ्याला डोळा नाही! मास्तर, तुम्हाला लाज वाटत नाही?"

"वाटते," मास्तर म्हणाले. "पण इंजिन भंगारात देऊ नका, आक्का."

आक्कांनी डोळे पुसले. रागानं की कशानं, ते मास्तरांनी विचारलं नाही.

"भंगारात कसं देणार?" त्या म्हणाल्या. "अर्धं सामान तुमच्या पोटात!"

डॉक्टर म्हणाला, पुढे सरकलेली आहे, आपोआप बाहेर पडेल, फक्त लक्ष ठेवा. लक्ष ठेवायचं काम आक्कांनी ताबडतोब आपल्याकडे घेतलं, त्यामुळे मास्तरांना आता बाथरूमच्या दाराला कडी लावायची सोय राहिलेली नाही. सापडली की आधी उकळायची, मग आक्कांना दाखवायची, आणि मगच हात लावायचा, असा हुकूम आहे.

इंजिनाचं बाकी सगळं झालं आहे. दाराची मूठ बसवायची राहिली आहे.