विवाह विभागापर्यंत न पोहोचलेली कॉफी

ब्राझीलमधल्या मिनासच्या आमच्या नोंदणी कार्यालयात ओस्मार गेली नऊ वर्षं विवाह विभाग सांभाळतो. तेवढीच वर्षं कॉफी करणाऱ्या जान्दिराशी त्याचा साखरपुडा झालेला आहे. गावातली सगळी लग्नं तो लावतो. स्वतःचं मात्र विचाराधीन आहे.

"लग्न कधी करतोयस, तेवढं सांग," जान्दिरा दर सोमवारी विचारायची.

"घाई कसली गं? बघतो ना," हा दर सोमवारी सांगायचा.

तिने लग्नं जुळवणाऱ्या संत अंतोनियोची मूर्ती पाण्याच्या पेल्यात उलटी बुडवून पाहिली. संतालाही हळूहळू त्याची सवय झाली. शेवटी तिने आमच्याकडच्या बायकांचा रामबाण उपाय काढला: दिवसभर अंगात घातलेल्या निकरमधून कॉफी गाळायची आणि ज्याला वश करायचं त्याला पाजायची.

पण सरकारी कॉफी सेवाज्येष्ठतेने फिरते. थर्मास आधी कार्यालयप्रमुख फिर्मिनो साहेबांकडे गेला, मग जन्म विभागाकडे, मग मृत्यू विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे. ओस्मारपर्यंत तो रिकामाच पोहोचला.

परिणाम साडेदहाला दिसू लागले. जान्दिराने आपल्याकडे बघावं म्हणून साहेबांनी तीन वर्षं अडलेल्या सह्या केल्या. जन्म विभागाने दुपारचं जेवण सोडून दाखले लिहिले. मी मृतांच्या नातेवाइकांना खुर्च्या दिल्या. लोकांना कागद एका खेपेत मिळू लागले आणि गाव हादरलं.

"दाखला दहा मिनिटांत मिळाला," एक विधवा परत येऊन मला म्हणाली. "माझा नवरा नक्की मेलाय ना, साहेब? मला आता शंका यायला लागलीय."

पेन्शन कचेरीने आमचे सगळे कागद परत पाठवले. शेरा होता: 'विनाविलंब दिले, सबब संशयास्पद.' लोक खातरजमेसाठी शेजारच्या गावच्या कार्यालयात रांगा लावू लागले. तिथे सहा आठवडे लागतात, त्यामुळे त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.

गुरुवारी जान्दिराने ज्येष्ठता मोडली. कप थेट ओस्मारच्या हातात दिला आणि तो संपेपर्यंत समोरून हलली नाही.

ओस्मार कानापर्यंत लाल झाला. "चल, आत्ताच लग्न करू," म्हणाला आणि स्वतःच अर्ज भरायला बसला. फिर्मिनो साहेबांनी रडत रडत साक्षीदार म्हणून सही केली. मीही केली, जीव तुटत होता तरी. बाराच्या आत शिक्का पडला.

जान्दिराने कागद उजेडात धरला, उलटून पाहिला. मला वाटलं, बाई आता नाचणार.

"एवढ्यात झालं?" ती म्हणाली. "एकाच खेपेत?"

"प्रेमाने केलं गं," ओस्मार म्हणाला.

"तेच म्हणते मी. मग हे खरं कशावरून?"

तिने तडक शेजारच्या गावची बस धरली. आज तिथल्या रांगेत पाचवा आठवडा आहे. ओस्मार रोज तिला डबा आणून देतो आणि खातरजमा होईपर्यंत ती त्याला परका माणूस समजून आभार मानते. मी तिच्या मागेच उभा आहे, कारण माझी बढतीही त्याच आठवड्यात पहिल्याच अर्जाला मंजूर झाली. तुमचंही एखादं काम कुठे पहिल्या खेपेत, हसतमुखाने झालं असेल, तर घरी निवांत काय वाचत बसलाय? माझ्या मागे जागा आहे.