सही साहेबांची, बोट साहेबांचं

दासरी भाऊसाहेब रोज सकाळी साडेनऊला आमच्या कचेरीत येतात आणि आत न जाता खिडकीबाहेर अर्जदारांच्या रांगेत उभे राहतात. रांग त्यांच्याच टेबलाची. टेबलावर कुणी नसतं, कारण तिथं बसणारा माणूस रांगेत असतो. "साहेब कुठायत ओ? कधी येणार?" असं पुढच्याला विचारायचं, मागच्याच्या शिव्या ऐकायच्या, आणि पंधरा मिनिटांनी घाम पुसत आत येऊन खुर्चीत बसायचं. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. चार वर्षं झाली, अजूनही तसंच वाटतं.

कचेरीचं नाव सांगत नाही. सोलापुरात आहे एवढं पुरे; मला अजून वीस वर्षं नोकरी करायचीय. दासरी अव्वल कारकून, मी त्यांच्या हाताखाली. नोकरी करता करता त्यांनी लोकप्रशासनात एम.ए. केलं. आम्ही बाकीच्यांनी आमच्या पदव्या नोकरी लागल्यावर कपाटात ठेवल्या, यांनी मात्र ती वापरायचं ठरवलं. "शास्त्र काय म्हणतं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. शिपायानं चहा उशिरा आणला तरी शास्त्राचं त्यावर काहीतरी म्हणणं असतं. घरी तेलुगू बोलणारा माणूस, पण चिडला की पुस्तकी मराठीत चिडतो. "पदसोपान म्हणजे शिडी, वैशाली मॅडम! प्रत्येकानं फक्त आपल्या वरच्या पायरीशी बोलायचं. मधली पायरी गाळली की पडलात!"

खिडकीवर 'उद्या या' म्हणणाऱ्याला ते बाहेर उन्हात उभं करतात. मी पहिल्याच आठवड्यात वीस मिनिटं उभी होते, तेही मे महिन्यात. सोलापूरचा मे ज्यानं पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. आता मी दारावरच्या भाजीवाल्यालासुद्धा उद्या ये म्हणत नाही.

पण त्यांचं खरं वाकडं होतं ते डोंगलशी. दाखल्यावरची साहेबांची सही हल्ली संगणकातून होते. डोंगल म्हणजे बोटाएवढी एक कांडी, ती यंत्रात खोचायची, पिन टाकायचा, झाली सही. कांडी साहेबांच्या हातात असावी हा नियम आणि ती आमच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते ही रीत. साहेब बैठकांना जातात, आम्ही साहेबांच्या सह्या करतो. एकटे दासरी तिला हात लावत नाहीत. "सही साहेबांची, बोट साहेबांचं," म्हणतात आणि मान फिरवतात. त्यांचं तोंड तिकडं असताना आम्ही चटकन सही उरकून घेतो.

त्या दिवशी खिडकीवर एक मायलेकी आल्या. मेंढरं राखणारं घर. मुलगी सुवर्णा, बारावी झालेली. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज संध्याकाळी साडेपाचला बंद होणार होता आणि त्याला जातीचा दाखला जोडायचा होता. तिचा अर्ज बारा दिवस दासरींच्या यादीत पडून होता. मी अकरा वाजताच सांगितलं, हा वर घ्या.

"हिच्या पुढं एक्केचाळीस आहेत," ते म्हणाले. "त्या एक्केचाळीसांना आया नाहीत का?"

मग त्यांनी मान खाली घातली आणि एकामागून एक अर्ज काढत राहिले. जेवायला उठले नाहीत, पाण्यालाही नाही. सुवर्णाची आई बाकावर बसून होती. मुलगी बसलीच नाही. भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहिली. पावणेपाचला तिचा नंबर आला. कागद चोख होते, दोन मिनिटांत तपासून झाले. राहिली फक्त सही. आणि साहेब सकाळपासून वरिष्ठ कार्यालयात बैठकीला, सातपर्यंत सुटायचं नाव नाही.

मी ड्रॉवर उघडला. दासरींनी त्यावर पालथा हात ठेवला.

"मॅडम, हात काढा."

"एका मिनिटाचं काम आहे, भाऊसाहेब!"

"सायेब, काय तरी करा की," आई खिडकीतून म्हणाली. "पोरीचं वरीस जातंय. पुढल्या वर्सी हिचा बा शिकवंल असं न्हाय वाटत मला. लगीन लावून देतोय."

माझा तोल गेला. सगळ्या कचेरीसमोर मी ओरडले, "तुमच्या रांगेपायी सहा तास गेले, आता शास्त्रापायी पोरीचं आयुष्य जाऊ दे!"

दासरींचा चेहरा पडला. मला वाटलं, आता मेमो. पण ते हळू आवाजात म्हणाले, "रांगेचं बरोबर आहे तुमचं. त्यात चुकलोच मी. पण चांगल्या कामासाठी एकदा साहेबांची सही आपण करायची सवय लागली की वाईट कामाला नाही म्हणायला तोंड राहत नाही." मग एकदम उठले. "लॅपटॉप घ्या. कांडी घ्या. साहेबांचं बोट येत नसेल तर आपण बोटाकडं जाऊ."

मायलेकींना समोरच्या नेट कॅफेत अर्ज उघडून बसायला सांगितलं आणि दासरींच्या जुन्या स्कूटरवर मी मागं, लॅपटॉप पोटाशी धरून. सात रस्त्याच्या चौकात गाड्यांची हीऽ गर्दी. आणि सिग्नल पिवळा झाला की हे थांबणार! मागून मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की आजवर रांगेतसुद्धा त्यांनी तेवढ्या ऐकल्या नसतील.

पाच वाजून सहा मिनिटं. बैठकीच्या दारावर शिपाई. आत सोडेना. दासरींनी चिठ्ठी पाठवली, शिस्तीत, आमच्या साहेबांच्या नावे. उत्तर नाही. दुसरी पाठवली. पाच-चौदा. दासरी दाराकडं बघत होते. मग त्यांनी शिपायाला बाजूला केलं आणि दार ढकललं.

आत पन्नास माना आमच्याकडं वळल्या. टोकाला सगळ्यांत मोठे साहेब, आमच्या साहेबांच्याही दोन पायऱ्या वरचे. "कोण तुम्ही?"

"सर, मी दासरी, अव्वल कारकून. आमच्या साहेबांचं एक बोट हवंय. दोन मिनिटांसाठी."

कुणी हसलं नाही. आमचे साहेब लालबुंद होत पुढं आले. मी लॅपटॉप उघडला, कांडी खोचली. पडद्यावर पिनची चौकट आली आणि साहेब थांबले. त्यांना पिनच ठाऊक नव्हता. कसा असणार? आजवर त्यांनी स्वतः सही केलीच नव्हती. त्यांनी अंदाजानं काहीतरी टाकलं. चूक. पुन्हा टाकलं. चूक. तिसऱ्यांदा चुकला की डोंगल बंद पडतो, हे मला आणि दासरींना माहीत होतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मोठे साहेब खुर्चीतून उठून पाठीशी येऊन उभे राहिले होते. पाच-एकोणीस.

पिन सांगितला, तर साहेबांच्या सह्या आजवर कोण करत होतं ते सगळ्यांना कळणार होतं. दासरी नुसते माझ्याकडं बघत राहिले.

"आठपासून एकपर्यंत, उलटे," मी म्हणाले.

सही झाली. मोठे साहेब एवढंच म्हणाले, "उद्या दोघं मला भेटा." मी आणि आमचे साहेब. दासरी लगेच म्हणाले, "सर, तिघं. मी मान फिरवत होतो."

पाच-सव्वीसला सुवर्णाचा फोन आला. दाखला नेट कॅफेत उतरवून जोडला, अर्ज गेला.

परत आलो तेव्हा मायलेकी नेट कॅफेच्या पायरीवर वाट बघत होत्या. पोरगी दासरींच्या पाया पडायला वाकली, तर ते दोन पावलं मागं सरले. आईनं एकदा त्यांच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं.

"जेवलासा का ओ सायेब?"

"सकाळी चहा झालाय."

"घरी मालकीणबाई काय म्हणतील?"

"त्या नाहीत. सहा वर्षं झाली."

चार वर्षं आम्ही एका खोलीत बसत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं. सांगितलं नव्हतं त्यांनी, पण मी तरी कधी विचारलं होतं? मला माझीच लाज वाटली.

आईनं फडक्यातून भाकरी काढली, वर हुलग्याची उसळ घातली आणि पुढं केली. अर्जदाराच्या हातचं पाणीसुद्धा न पिणारा माणूस. "नियमात बसत नाही, बाई," ते म्हणाले.

"बसतंय की. काम झालंय न्हवं आमचं? आता आमी कोण आणि तुमी कोण? खावा गुमान."

ते पायरीवर टेकले, आमच्याकडं पाठ करून खाऊ लागले. खाताना त्यांचे खांदे हलत होते. भाकरी संपली तरी ते तसेच बसून राहिले. मग मान न वळवताच, मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले,

"अजून अर्धी हाय का ओ?"