सांगलीची हळद

वसुमतीचं लग्न ठरलं तर कस्तुराबाईंच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, वसुमतीची रस्त्याकडच्या खिडकीची खोली. दोन, बेंगळूरला बसवनगुडीतल्या मराठी भजनी मंडळात सोयरीक जुळवणारी म्हणून मान. आणि तीन, भावजयीने मरताना पोरीचा हात त्यांच्या हातात दिला होता, त्या जबाबदारीतून सुटका. तिसऱ्या गोष्टीत स्वार्थ अजिबात नव्हता, आणि सगळा घोळ झाला तो तिच्यापायीच.

वास्तविक लग्न ठरल्यासारखंच होतं. त्रिविक्रम विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. एका रविवारी तो पोहे खाऊन गेला, व्हरांड्यात वसुमतीशी अर्धा तास बोलला आणि निघताना तिच्या वडिलांना, रत्नाकररावांना, आपला होकार सांगून गेला. आता त्याची आई बारा दिवसांनी साताऱ्याहून येणार, मुलगी पाहणार आणि सुपारी फोडायची, एवढंच उरलं होतं. वसुमतीला तो मनापासून आवडला होता. त्या आठवड्यात घरातल्या चहात दोनदा साखर पडत होती आणि कुणी तक्रार केली नव्हती.

अशा वेळी कस्तुराबाईंनी भाचीला अंगणातल्या उजेडात उभं केलं आणि तिच्या वरच्या ओठाकडे निरखून पाहिलं. तिथे लव होती. जन्मापासून होती, पण कस्तुराबाईंना ती आता दिसली.

"आत्या, त्यांनी पाहिलंय की मला," वसुमती म्हणाली. "समोरच बसले होते."

"त्यानं पाहिलं. त्याच्या आईनं कुठं पाहिलंय? पुरुष डोळ्यांत बघतात गं. बायका बाकीचं सगळं बघतात."

तोवर वसुमतीला आपल्या ओठावर काही आहे याची आठवणही नसे. त्या संध्याकाळी तिने आरशात पाहिलं, आणि नंतर तिला दुसरं काही दिसेनाच.

उपाय सुरू झाले. आधी डाळीचं पीठ आणि साय, उलट्या दिशेने चोळून. चार दिवसांत लव तशीच राहिली, नाक मात्र लाल झालं. मग कच्च्या पपईचा लेप. मग गूळ आणि लिंबाचा चिकट पाक. तो लावून खसकन ओढायचा. हा उपाय लागू पडला. लव गेली, आणि तिच्या जागी लालभडक पट्टा आला. म्हणजे आधी जे निरखून पाहावं लागत होतं, ते आता फाटकातून दिसू लागलं.

दारावर फुलं घेऊन येणारी धारवाडकडची गंगव्वा म्हणाली की आग शमायला हळद लावा, इकडे कस्तुरी हळद मिळते, तिचा रंग चढत नाही. पण कस्तुराबाई पडल्या मूळच्या सांगलीच्या. बेंगळूरच्या दुकानातली फिकट हळद त्यांच्या लेखी भुकटी होती. त्यांनी सांगलीहून आलेला डबा काढला. पट्ट्यावर हळद बसली ती पक्कीच. आता ओठ तेवढा पिवळा दिसतो म्हणून गालांना लावली. तोंड पिवळं आणि मान गोरी दिसते म्हणून मानेला. मग हात उरले.

"अक्का, स्वल्प लावा म्हटलं होतं मी," गंगव्वा दुसऱ्या दिवशी म्हणाली. "पोरगी बुडवा नव्हतं म्हटलं."

धुऊन काढायला अजून दोन दिवस होते. पण त्रिविक्रमच्या आईला गाडीत ओळखीची सोबत मिळाली, म्हणून त्या दोन दिवस आधीच आल्या. मुलगा स्टेशनवरून त्यांना थेट इकडे घेऊन आला. दार वसुमतीनेच उघडलं.

आई तिच्याकडे बघतच राहिल्या. चेहरा पिवळा, गळा पिवळा, कोपरापर्यंत हात पिवळे. खुर्चीवर टेकल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हिला हळद लागलीय. कुणाची?"

खरं सांगावं तर मिशीचा विषय निघतो. म्हणून कस्तुराबाई म्हणाल्या की ही इकडची रीत आहे, कानडी मुलुखात बायका रोजच लावतात. त्यावर आई म्हणाल्या की हो, इकडे सवाष्णी लावतात असं त्यांनीही ऐकलंय. मग कस्तुराबाईंनी हे कुलदेवतेचं व्रत असल्याचं सांगितलं. आईंनी कुलदेवता विचारली. रत्नाकरराव आणि कस्तुराबाई यांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या देवांची नावं घेतली.

"मला ओठावर लव आहे," वसुमती म्हणाली. "ती घालवत होतो."

त्रिविक्रम जमिनीकडे पाहत होता. त्याच्या आईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुसताना त्या उजेडाकडे वळल्या, तेव्हा सगळ्यांना दिसलं की त्यांच्याही ओठावर लव होती, वसुमतीपेक्षा दाट, आणि कधी कुणी हात न लावलेली.

"यानं पत्रात लिहिलं होतं मला," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखीच आहे, म्हणाला. सासरी मला उभा जन्म नावं ठेवली त्यावरून. वाचून बरं वाटलं होतं."

अजूनही काही बिघडलं नव्हतं. त्यांनी वसुमतीला जवळ यायची खूणही केली होती. पण कस्तुराबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात त्यांच्यातला चांगुलपणा उफाळून आला.

"मग तुम्हालाही थोडी बांधून देते," त्या डबा आणायला उठत म्हणाल्या. "पाक कसा करायचा तेही सांगते. पंधरा दिवसांत चेहरा स्वच्छ."

आईंनी चष्मा लावला, पिशवी उचलली आणि पाणीही न घेता निघाल्या. त्रिविक्रम फाटकाशी घोटाळला, एकदा मागे वळला आणि आईच्या मागून गेला.

नकाराचं पत्र दोन ओळींचं आलं. वसुमतीची हळद नऊ दिवसांनी उतरली. महिन्याभरात लव परत आली, होती तेवढीच. मार्गशीर्षात त्रिविक्रमचं लग्न झालं, गुळगुळीत चेहऱ्याच्या मुलीशी. तिने पहिल्याच महिन्यात सासूबाईंपुढे डाळीच्या पिठाची वाटी ठेवली म्हणतात.

म्हणजे दंड सासूने भरला, त्रिविक्रमने भरला आणि वसुमतीने सगळ्यांत जास्त भरला. कस्तुराबाईंची फक्त अर्धा डबा हळद गेली. वसुमती त्यांना कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि त्यांनी उरलेली अर्धी स्वयंपाकातही वापरली नाही.